कृत्रिम वाहक येत आहेत!

चहा आधी संपवा. पुढचे ऐकताना हातात भरलेला कप असणे धोक्याचे आहे. माझी फजिती मी आज स्वतः सांगणार आहे. का, म्हणाल? कारण सोलापुरात ती आजवर इतरांनीच सांगितली, आणि प्रत्येकाने अशुद्ध सांगितली! फजिती माझी आहे. ती निदान व्याकरणशुद्ध सांगितली जावी, एवढा तरी माझा हक्क आहे की नाही?

मी मुलींच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत असे. माझ्या वर्गात इंग्रजी शब्दाला उंबरठा ओलांडता येत नसे. फळ्याला 'बोर्ड' म्हणणाऱ्या मुलीने तो आधी स्वच्छ पुसायचा आणि मगच जागेवर बसायचे. लोक मला हट्टी म्हणत. मी त्यांना सांगत असे, 'हट्टी'तला 'ट्टी' दीर्घ आहे, एवढे लक्षात ठेवा. बाकी तुमचे मत तुमच्यापाशी.

बहात्तरचा दुष्काळ सरून थोडा काळ लोटला होता. मे महिना. माझी जुनी विद्यार्थिनी शिवलीला सुट्टीसाठी पुण्याहून घरी आली होती. ती तिथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. काम काय? तर आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक तेलकट, पातळ पटल असते. मिठासारख्या क्षारांचे विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, पाण्यात सुखाने राहतात. पण त्या तेलकट पटलातून त्यांना आपले आपण जाता येत नाही. त्यांना पोटात घेऊन पलीकडे पोचवतील असे रेणू प्रयोगशाळेत बनवायचे, हे तिचे काम.

पाहा, किती सरळ आहे! तेव्हा मी हे असेच सांगितले असते, तर आज तुम्हाला नुसताच चहा मिळाला असता.

शिवलीलेचे वडील मल्लिनाथअण्णा. बाळीवेशीत त्यांचे करडईच्या तेलाचे दुकान. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. एके सकाळी त्यांनी मला बोलावून घेतले.

"बाई, माळशिरसचं स्थळ आलंय. ऊसवाले. लई चांगली माणसं. त्यांनी इचारलं, पोरगी पुण्यात काय करती? आता मी काय सांगू? माझा तेलाचा धंदा हाय म्हणून सांगता येतंय की. हिचं मला काहीच सांगता येईना!"

"विचारा ना तिलाच."

"इचारलं की! ईथर-गीथर, आयन-गीयन... माझं डोस्कं फिरलं. म्हणून म्हटलं, एक काम कर. चार लोकांत उभी राहा आणि मला कळंल असं मराठीत सांग. कळलं, तर जूनमध्ये पुण्याला. न्हाय कळलं, तर माळशिरसला."

शिवलीला खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. पाचवीत समास चुकल्यावर तिचा चेहरा असाच होत असे. मला राहवेना.

"अण्णा," मी म्हटले, "मराठीचाच प्रश्न आहे ना? मग तो माझ्यावर सोडा."

पोरीचा चेहरा उजळला असेल, असे तुम्हाला वाटेल. तो आणखी उतरला.

"बाई, मी सांगेन ना माझं मी, साधंसुधं..."

"तू इंग्रजीतून शिकलीस. तुझ्या मराठीला आता गंज चढला आहे. तो मी काढीन."

आणि मी काढू लागले. आमच्या शाळेच्या सभागृहात रविवारी व्याख्यान ठरले. शनिवारच्या आत सगळे शब्द शुद्ध व्हायला हवे होते. पहिलाच तंटा 'आयन' या शब्दावरून पेटला.

"बाई, आयन पाठ्यपुस्तकात आहे."

"पाठ्यपुस्तकात मुद्रणदोषही असतात. तो शब्द इंग्रजीच आहे, नुसती टोपी आपली घातली आहे. त्याला भार असतो ना? मग 'भारित'."

"आणि पोटॅशियम?"

"पालाश. खताच्या पोत्यावर लिहिलेले असते. वाचत जा."

तिने मान खाली घातली. मग ती म्हणाली, "आणि बाई, तो जो रेणू आयनला... भारिताला घेऊन जातो, त्याला आम्ही कॅरिअर म्हणतो."

"सायकलला असते ते?"

"तसंच, बाई. नेणारं."

मी डोळे मिटले. काही शब्द शोधावे लागत नाहीत, ते आपण होऊन येतात. वह् हा धातू. वहन करतो तो...

"वाहक!" मी म्हटले. "कृत्रिम वाहक! काय निर्मळ शब्द आहे!"

"बाई," शिवलीला चाचरत म्हणाली, "वाहक म्हटलं की लोकांना वेगळंच काहीतरी..."

"लोकांना काय वाटते, यावर भाषा चालत नाही!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते आजही मागे घेतलेले नाही.

व्याख्यानाचा फलक रंगवायचे काम नरसय्या रंगाऱ्याला दिले. नरसय्या एरवी चित्रपटगृहांचे फलक रंगवत असे. मी त्याला मजकूर दिला होता तो असा: 'पेशीपटलातून भारितांना पार नेणारे कृत्रिम वाहक. व्याख्यान. रविवार.' फळी पुरणार नाही, असे तो म्हणाला. मी म्हटले, मुख्य शब्द मोठा लिही, बाकीचे बारीक चालेल.

फलक पाहायला गेले, तर ताज्या रंगाने झळकत होता. वर तांबड्या अक्षरांत 'येत आहेत!', त्याखाली हातभर उंचीची पिवळी अक्षरे, 'कृत्रिम वाहक', आणि अगदी तळाशी, मुंग्यांना वाचता येईल अशा अक्षरांत, उरलेले सगळे विज्ञान.

"हे 'येत आहेत' कुठून आले?"

"सवय हाय बाई. ते लिहिल्याबिगर फळी सुनी वाटती." नरसय्या कुंचला पुसत म्हणाला. "बाकी बरोबर हाय ना?"

आता ऐका. माझ्यासारख्या डोळस बाईने काय पाहावे? मी 'कृ' पाहिला. 'त्रि'ची वेलांटी ऱ्हस्व आहे, हे पाहिले. 'येत आहेत' हे अनेकवचन वाहकांच्या अनेकवचनाशी जुळते, हे तर मी दोनदा पडताळून पाहिले.

"निर्दोष," मी म्हटले. "लाव कोपऱ्यावर."

कोपरा कुठला? आमच्या शाळेच्या भिंतीचा. त्या भिंतीसमोर काय होते? एस.टी. स्थानक!

तुम्ही हसू लागलात. मला मात्र तेव्हाही उमगले नाही. शुक्रवारी संध्याकाळी दार वाजले. दारात पाचसहा माणसे, खाकी गणवेशातली. पुढे एक उंच, मिशाळ गृहस्थ. नाव हणमंतराव. छातीवर पितळी बिल्ला, त्यावर 'वाहक' अशी अक्षरे कोरलेली. मी ती वाचली. 'वा'चा काना सरळ होता. मला बरे वाटले. बस. एवढेच वाटले!

"बाई, त्या फलकाचं इचारायचं होतं," हणमंतराव म्हणाले. "ते कृत्रिम वाहक खरंच येणार हायत?"

मला भरून आले. दिवसभर उन्हात राबून ही माणसे विज्ञानाची चौकशी करायला माझ्या दारी आली होती!

"येणार म्हणजे काय? तयारसुद्धा झाले आहेत. पुण्याच्या प्रयोगशाळेत."

त्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"किती झाल्यात?"

"संख्या सांगता येणार नाही. चिमूटभर घेतले तरी असंख्य!"

"चिमूटभर?"

"अहो, ते डोळ्यांना दिसतही नाहीत!"

मागचा एक जण भिंतीला टेकला. हणमंतरावांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"मंजी दिसत न्हाईत, आणि काम करत्यात?"

"अखंड! खाणे नाही, झोप नाही, रजा नाही. आणि शिस्त अशी, की वाटेल त्याला आत घेत नाहीत. ज्याचा आकार बरोबर बसेल, त्यालाच घेतात. बाकीचे बाहेर."

"आकार बघून घेत्यात? मग जाड माणसानं काय करायचं?"

मी याला विनोद समजले. सामान्य माणसातही विनोदबुद्धी असते, हे मी नेहमी मुलींना सांगत असे.

"एका खेपेला एकच घेतात," मी म्हटले. "पण खेपा पाहाल, तर थक्क व्हाल!"

"एका खेपेला एकच?" मागून कोणीतरी ओरडले. "मग कुंभारीच्या गाडीची गर्दी किती वर्सात उपसणार?"

"कुंभारीच काय, सगळ्या जगाला त्यांचा उपयोग होईल!"

 मग हणमंतराव अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आणि बाई, आमी?"

"तुम्हीही यावे की! रविवारी. सहकुटुंब यावे. आपापल्या मित्रांना आणावे!"

ते आणणार होतेच. मी तर लेखी निमंत्रण द्यायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

रविवारी सभागृहात शिरले, तर पाय ठेवायला जागा नाही! सगळीकडे खाकी. बाकांवर खाकी, खिडक्यांत खाकी, मागे भिंतीशी उभी खाकी. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून अण्णा तेवढे वेगळे दिसत होते. शिवलीला मंचावर काचेची दोन पात्रे मांडत होती. तिने प्रेक्षकांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. काय सांगू तुम्हाला, त्या नजरेत सगळे होते. फक्त मला ते वाचता आले नाही.

मी प्रास्ताविकाला उभी राहिले.

"सुजनहो! पेशीपटलाच्या स्निग्ध प्राकारापुढे कुंठित झालेल्या भारितांना स्वगर्भी सामावून पैलतीरी नेणारे हे कृत्रिम वाहक..."

अण्णांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारले, पूजा सुरू झाली का? हे मला नंतर कळले. कारण 'कृत्रिम वाहक' हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि सगळी खाकी एकदम उभी राहिली.

"कृत्रिम वाहक, चले जाव! कृत्रिम वाहक, चले जाव!"

आता अशा वेळी शहाणी बाई काय करते? विचारते, काय झाले, बाबांनो. मी टेबलावर छडी आपटली.

"गप्प बसा! 'चले जाव' ही हिंदी आहे. घोषणा द्यायचीच, तर मराठीत द्या!"

सभागृह चिडीचूप. यांतल्या निम्म्यांना लहानपणी माझ्यासारख्याच बाईंनी शिकवलेले असणार. तो धाक अंगात मुरलेला असतो. आपसांत कुजबुज झाली. मग हणमंतरावांनी हात उंचावला आणि सगळे एका सुरात ओरडले,

"कृत्रिम वाहक, चालते व्हा!"

"छान," मी म्हटले. सवयीने म्हटले हो! आणि मग माझ्या डोक्यात ते शिरले. कोणाला चालते व्हा म्हणत आहेत हे?

"बाई," हणमंतराव पुढे आले.  "तुमीच म्हणाला न्हवं, खात न्हाईत, झोपत न्हाईत, रजा न्हाय? दिसत न्हाईत म्हणाला! आमची बायकापोरं हायत की बाई. आमच्या पोटावर का उठलाय?"

मी त्यांच्या छातीवरचा बिल्ला पाहिला. पितळी. स्वच्छ अक्षरे. वाहक.

आता कुठे मला उमगले. पण माघार? ती माझ्या कोशात नव्हती. मी ठणकावून म्हटले, "वाहक म्हणजे तुम्ही नव्हे! 'वाहक' हा व्यापक अर्थाचा शब्द आहे! धातू वह्..."

"मग बिल्ल्यावर काय आमचं नाव कोरलंय?" खिडकीतून आवाज आला, आणि सगळे सभागृह खिदळले.

मी आजही ठामपणे सांगते, चूक माझ्या शब्दाची नव्हती. तो शब्द एकट्या एस.टी.लाच कोणी देऊन टाकला, त्याला जाऊन विचारा! पण त्या दिवशी हे ऐकायला कोणी तयार नव्हते. अण्णा टोपी सारखी करून उठायच्या बेतात होते. ते उठले असते, तर थेट माळशिरसला पत्र टाकायला गेले असते. पोरीची शिक्षणाची सगळी वर्षे त्या खुर्चीवर अर्धवट उठून बसली होती.

तेवढ्यात शिवलीला मंचाच्या कडेशी आली.

"कंडक्टरकाका," ती म्हणाली, "बसा की. तुमचं काम कुणी घेत नाहीये."

'कंडक्टर'! माझ्या मंचावर! माझ्या देखत! पण सगळी खाकी बसली हो, एका शब्दासरशी बसली. अण्णाही बसले.

तिने एक पात्र उचलले. खाली पाणी होते. त्यात जांभळे खडे विरघळवलेले, विहिरीत टाकतात तेच. पाणी वांग्याच्या सालीसारखे झाले होते. त्यावर बेंझीन नावाचा नितळ द्रव तरंगत होता.

"अण्णा, हे वरचं तेलाच्या जातीचं आहे. तेलात मीठ विरघळतं का हो?"

"कदी विरघळलंय?" अण्णा म्हणाले. धंद्याचा प्रश्न, त्यांना उत्तर द्यावेच लागले.

"मग हे जांभळंही वर जाणार नाही. बघा." तिने पात्र हलवले, ठेवले. खाली जांभळे, वर नितळ. "आता माझा कंडक्टर सोडते." तिने पांढऱ्या पुडीतली चिमूट वरून टाकली आणि पात्र पुन्हा हलवले.

सगळे उभे राहून पाहू लागले. वरचा नितळ द्रव हळूहळू जांभळा झाला!

"आयला!" हणमंतराव म्हणाले. मी त्यांना टोकले नाही. खरे सांगायचे तर तोच शब्द माझ्याही मनात आला होता.

"या खड्यांतला पोटॅशियम म्हणजे पाण्यातला प्रवासी," शिवलीला सांगू लागली. "तेलात त्याला एकट्याला जाता येत नाही. हा रेणू म्हणजे एक कडं आहे, बांगडीसारखं. मधल्या भोकात पोटॅशियम बरोबर बसतो. त्याला घेतलं, की कडं तेलात शिरतं. आणि त्याच्या ओढीनं त्याचा जांभळा जोडीदारही मागोमाग येतो. शरीरातल्या प्रत्येक पेशीला अशीच तेलाची भिंत असते. नसांचं काम, हृदयाचं काम, सगळं या प्रवाशांच्या येण्याजाण्यावर चालतं. तिथली वाट समजली, तर पुढं औषधं करता येतील."

"मंजी आमच्यासारखंच की!" हणमंतराव छाती फुगवून म्हणाले.

"तुमच्यावरूनच समजतं, काका."

अण्णा पुढे वाकले होते. टोपी मांडीवर आली होती.

"मग जमलंय की सगळं," ते म्हणाले. "अजून पुण्याला कशाला जायचं?"

"हे कडं दुसऱ्यांनी शोधलंय, अण्णा. मी पिंजरा बनवलाय. सगळ्या बाजूंनी धरणारा. तो याच्याहून कितीतरी घट्ट धरतो."

"मग चांगलंच हाय."

"नाही ना. धरतो, पण पलीकडं गेल्यावर सोडतच नाही. प्रवासी आत अडकून बसतो. मला त्याला सोडायला शिकवायचंय."

"मग कसला कंडक्टर!" हणमंतराव कळवळून म्हणाले. "ठिकाण आलं की उतरवायला नगं?"

 अण्णांनी जांभळ्या पात्राकडे पाहिले, लेकीकडे पाहिले, मग स्वतःच्या टोपीकडे बराच वेळ पाहिले.

"लई घट्ट धरून ठेवलं," ते स्वतःशीच म्हणाले, "तर उपयोग न्हाय म्हणती."

"नाही, अण्णा."

"आयतु," अण्णा कानडीत म्हणाले. झाले, ठरले. ते उभे राहिले. "तू पुण्याला जा. त्याला सोडाय शिकव. माळशिरसवाल्यांना मी सांगतो, माझी पोरगी लहानातला लहान कंडक्टर तयार करायलीय, आणि तो अजून कच्चा हाय. थांबत असाल तर थांबा."

खाकीने टाळ्या पिटल्या. कोणीतरी शिट्टी वाजवली, दोनदा. गाडी सोडताना वाजवतात तशी. शिवलीलेने पदराने डोळे टिपले. मीही चष्मा पुसला. धूळ फार होती.

आणि इथे मी गप्प बसायला हवे होते. पण अण्णा सभागृहाकडे वळले.

"मला समदं कळलं. कबूल करतो. फक्त ते सुरवातीला बाईंनी जे बोलल्या..."

मला राहवेना. तुम्हाला तरी राहवले असते का? "'बाईंनी बोलल्या' नव्हे, अण्णा," मी जागेवरून म्हटले. "'बाई बोलल्या', किंवा 'बाईंनी सांगितले'."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी मनापासून हात जोडले.

"तेच ते, बाई. तेवढं कुणीतरी मराठीत सांगा."